सूत नव्हे, ठिबकची नळी: डीएनए वाकवणारी प्रथिनं नेमकं काय साधतात

प्रश्न आधी सांगते. सोलापुरातच एमएस्सी करणाऱ्या एका मुलीने विचारलाय, तिच्या घरी यंत्रमाग आहेत. ती म्हणते, "मॅडम, लॅम्डा फाजच्या धड्यात आयएचएफ नावाचं प्रथिन येतं. ते डीएनए कापत नाही, जोडत नाही, एटीपीही वापरत नाही. नुसतं वाकवतं. मग त्याच्यावाचून एवढं अडतं कशाला? डीएनए सुतासारखा असतो, आपोआप वाकेल की. दुसरं म्हणजे, प्रोजेक्टमध्ये मी सीएपी प्रथिनाचा बेंडिंगचा जेल केला. कोन ७८ अंश आला, पुस्तकात ९० आहे. माझं चुकलं का? तोंडी परीक्षेच्या सरावात सर म्हणाले, बँड मागे राहिला तो प्रथिनाच्या वजनामुळे, त्यात वाकण्याचा काय संबंध? त्यांना काय सांगू?"

दोन्ही प्रश्न एकाच गाठीचे आहेत, म्हणून एकत्रच सोडवते. लांबेल जरा. नवख्यांसाठी एवढंच: लॅम्डा फाज म्हणजे जिवाणूंना लागणारा विषाणू, एटीपी म्हणजे पेशीचं इंधन, सीएपी हे डीएनए वाकवणारं जिवाणूचं एक प्रथिन. जेल म्हणजे विजेच्या ओढीने डीएनए ज्या बारीक जाळीतून सरकवतात ती, आणि त्यात डीएनए जिथे पोचतो तिथे दिसणारा पट्टा म्हणजे बँड.

तुझी सुताची उपमा चुकलेली नाही, तू ती चुकीच्या अंतराला लावलीस. ई. कोलाय या जिवाणूचा डीएनए साधारण ४६ लाख बेस जोड्यांचा, म्हणजे तेवढ्या पायऱ्यांच्या शिडीचा. सरळ ओढला तर दीड मिलिमीटरच्या वर भरतो, आणि पेशी जेमतेम दोन मायक्रोमीटरची. त्या मापाने बघितलं तर ते सूतच आहे, कांडीवर भरावं तसं भरलेलं. पण आयएचएफचा सगळा कारभार चालतो ३५ बेस जोड्यांत, म्हणजे १२ नॅनोमीटरमध्ये. एवढ्या तुकड्यात डीएनए सूत राहत नाही, दांडी होतो. याचं माप म्हणजे पर्सिस्टन्स लेंग्थ. डीएनएची ती साधारण ५० नॅनोमीटर, म्हणजे १५० बेस जोड्या. त्याहून बराच लांब धागा स्वतःच्या उष्णतेच्या थरथरीने हवा तसा वळतो. त्याहून आखूड तुकडा वळायला तयार नसतो.

वर्गात मी हे ठिबकच्या नळीवर दाखवते. सांगोल्याकडे आमची थोडी डाळिंबं आहेत, तिथून १६ मिलिमीटरच्या लॅटरलचा एक तुकडा आणून टेबलाच्या खणात ठेवलाय. डीएनएची जाडी २ नॅनोमीटर. ती या नळीएवढी फुगवली तर एक नॅनोमीटर म्हणजे ८ मिलिमीटर झाले. मग पर्सिस्टन्स लेंग्थ झाली ४० सेंटीमीटर. १५० बेस जोड्यांची वाटोळी रिंग करायची तर तिचा व्यास १३ सेंटीमीटर, फराळाच्या ताटलीएवढा. आणि आयएचएफची ३५ बेस जोड्यांची जागा? साडेनऊ सेंटीमीटर. तेवढा तुकडा हातात घे आणि त्याची दोन्ही तोंडं एकाच बाजूला येतील असा वाकव बघू. पोरं जोर लावतात, नळी गोल वळतच नाही. मग एकदम चेमटते आणि मोड पडतो.

शेतात तो मोड नको असतो, पाणी अडतं. म्हणून कोपऱ्यावर नळी कापून एल्बो बसवतात. पेशीला डीएनए कापून एल्बो बसवायची सोय नाही. तिथे बाहेरून चिकटणारं प्रथिनच एल्बोचं काम करतं, आणि शेतात जो मोड टाळायचा तोच ते मुद्दाम पाडतं.

आयएचएफने मोड कसा पाडला ते १९९६ साली फीबी राइस, हॉवर्ड नॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळवलेल्या स्फटिक-रचनेत दिसतं. हे प्रथिन दोन वेगळ्या पण भावंडांसारख्या साखळ्यांचं, दोन्ही मिळून वजन २० किलोडाल्टनच्या आसपास. अंगातून दोन लांब फिती निघतात आणि डीएनएच्या अरुंद खोबणीत शिरून त्याला कवटाळतात. प्रत्येक फितीच्या टोकाला प्रोलिन हे एक अमिनो आम्ल. तो प्रोलिन एकावर एक रचलेल्या बेस जोड्यांच्या मधे पाचर ठोकावी तसा घुसतो. असे दोन मोड, मधे ९ बेस जोड्यांचं अंतर. दोन्ही मिळून डीएनए १६० अंशांहून जास्त वळतो, जवळजवळ यू-टर्न. मोड पडल्यावर दोन्ही बाजूंचा डीएनए प्रथिनाच्या कुशीला टेकतो. तिथे लायसिन आणि आर्जिनिनचे धन भार फॉस्फेटच्या ऋण भारांना धरून ठेवतात.

आता ऊर्जेचा हिशोब. डीएनए एकसारखी लवचिक काठी आहे असं मानून साधं गणित केलं, तर १२ नॅनोमीटरमध्ये १६० अंश वळवायला १६ केटीच्या आसपास ऊर्जा लागते (केटी म्हणजे रेणूंच्या उष्णतेच्या थरथरीतल्या ऊर्जेचं माप), म्हणजे मोलला १० किलोकॅलरी. एटीपीचा एक रेणू मोडला की पेशीत जेवढं हाती लागतं, त्याच्या जरा खाली. आयएचएफ एटीपी वापरत नाही हे तू बरोबर हेरलंस. पण फुकट काहीच होत नाही. हा खर्च चिकटण्यातून निघतो. एवढे भार, एवढ्या पकडी, त्यांतून मिळणाऱ्या ऊर्जेतला मोठा वाटा वाकवण्यात जातो, आणि उरलेली आपल्याला बाहेरून 'आकर्षण' म्हणून मोजता येते. म्हणूनच वाकवणाऱ्या प्रथिनांना आधीच वाकलेला किंवा मोडलेला डीएनए दिला की ती जास्त घट्ट बसतात, कारण अर्धा खर्च आधीच कुणीतरी भरलेला असतो. सिस्प्लॅटिन हे कॅन्सरचं औषध डीएनएला असाच मोड पाडतं, आणि आपल्या पेशींतलं एचएमजीबी-१ नेमकं त्या मोडावर जाऊन बसतं. ते वेगळं प्रकरण आहे, सध्या बाजूला ठेवू.

आता 'अडतं कशाला'कडे येते.

लॅम्डा फाज ई. कोलायच्या गुणसूत्रात गॅलॅक्टोज आणि बायोटिनच्या जनुकांच्या मधे स्वतःला जोडून घेतो. फाजवरची जोडणीची जागा २४० बेस जोड्यांच्या आसपास लांब, जिवाणूवरची जेमतेम पंचवीस. कापाकापी करणारं प्रथिन म्हणजे इंट. इंटच्या एका रेणूला जणू दोन हात असतात. एका हाताने तो लांबच्या 'बाहू'वरच्या जागा पकडतो. दुसऱ्या हाताने, ज्यात कापणारा टायरोसिन आहे, तो मधल्या 'गाभ्या'ला धरतो. गाभ्यावरची त्याची पकड फार ढिली, आणि बाहूची जागा गाभ्यापासून कित्येक नॅनोमीटर दूर. दांडी सरळ असेल तर दोन्ही हात एकाच वेळी पोचत नाहीत. मधे आयएचएफची जागा आहे. तिथे यू-टर्न पडला की बाहू वळून गाभ्याजवळ येतो, इंट दोन्हीकडे पकडतो आणि ढिली पकड घट्ट होते. अशा तीन आयएचएफ जागा आहेत: एच-१, एच-२, एच-प्राइम. चार इंट, काही आयएचएफ, सगळं एकमेकांत गुंफून जो गोळा होतो त्याला इंटासोम म्हणतात. आत शिरताना तिन्ही जागा लागतात. बाहेर पडताना एच-१ लागत नाही, तिथे झिस नावाचं दुसरं वाकवणारं प्रथिन येतं. म्हणजे कुठल्या कोपऱ्यावर कुठला एल्बो बसलाय, त्यावरून आत जायचं की बाहेर हे ठरतं. मला स्वतःला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत देखणी वाटते.

पण 'मोडामुळे होतं' हे सिद्ध कसं करायचं? कदाचित आयएचएफ इंटला हाताला धरून आणत असेल, प्रथिनाला प्रथिन चिकटत असेल, आणि वाकणं हा नुसता बाजूचा परिणाम असेल. तुझ्या सरांची शंका याच जातीची आहे, आणि ती मूर्खपणाची नाही.

याचं उत्तर १९८९ साली स्टीव्हन गुडमन आणि हॉवर्ड नॅश यांनी दिलं. त्यांनी आयएचएफची एक जागा काढून तिथे दुसऱ्याच प्रथिनाची जागा घातली. ते प्रथिनही डीएनए वाकवतं, पण लॅम्डाशी त्याचं काहीएक नातं नाही. ते लॅक्टोजच्या जनुकांचं नियंत्रण करतं, आयएचएफसारखं दिसत नाही, अरुंद खोबणीत शिरत नाही, रुंद खोबणीत बसतं. तरी जोडणी झाली. पुढे त्याच गटाने आयएचएफच्या जागी एचयू हे त्याचं भावंड प्रथिन घालून पाहिलं, आणि मूळ अनुक्रमामुळेच वाकडा असलेला डीएनए घालूनही पाहिलं. तेही चाललं. दुसऱ्या प्रकारात तर वाकवायला प्रथिनच नाही! मग हाताला धरून आणणार कोण? एल्बो कुठल्या कंपनीचा आहे याच्याशी पाण्याला देणंघेणं नसतं.

आणि १९८९ चं ते परकं प्रथिन कोणतं, माहीत आहे? सीएपी. तुझ्या प्रोजेक्टमधलंच. तोंडी परीक्षेला जाताना हे पाठ करून नाही, समजून जा.

दुसरं उदाहरण मला याहूनही आवडतं, कारण त्यात जिवाणू आणि वासराचा थायमस एका बाकावर येऊन बसतात. साल्मोनेला आपल्या शेपटीच्या प्रथिनाचा प्रकार बदलतो. त्यासाठी डीएनएचा एक तुकडा उलटा फिरवला जातो. फिरवणारा हिन, त्याला मदत फिस नावाच्या प्रथिनाची, आणि फिस बसतो थोड्या लांबच्या एन्हान्सरवर, म्हणजे डीएनएवरच्या मदतीच्या जागेवर. हिन आणि फिस भेटायला मधला डीएनए वळसा घेऊन यावा लागतो, आणि अंतर शंभरेक बेस जोड्यांचं. म्हणजे आपल्या नळीवर फूटभरसुद्धा नाही. इथे एचयू लागतो. मधलं अंतर वाढवलं तर एचयूची गरज उरत नाही, कारण नळी लांब झाली की स्वतःच वळते. १९९३ साली पॉल, हेकिन्सन आणि जॉन्सन यांनी एचयू काढून तिथे सस्तन प्राण्यांचं, वासराच्या थायमस ग्रंथीत भरपूर असणारं एचएमजी-१ (मघाच्या एचएमजीबी-१ चं जुनं नाव) आणि एचएमजी-२ घातलं. साल्मोनेलाचं संकुल उभं राहिलं. त्याच प्रथिनांच्या मदतीने ६६ बेस जोड्यांच्या तुकड्याची टोकं जुळून लायगेज या जोडणाऱ्या एन्झाइमने रिंग बंद केली. आपल्या मापात ६६ बेस जोड्यांची रिंग म्हणजे सहा सेंटीमीटर व्यासाची, १६ मिलिमीटरच्या नळीची. शेतातली नळी असती तर तुटली असती.

एचयू आणि एचएमजी ही प्रथिनं अनुक्रम वाचत बसत नाहीत, दिसेल तिथे टेकतात, वाकवतात, सुटतात. आयएचएफ मात्र आपली जागा ओळखून बसतो. एकाला फिरता वायरमन म्हण, दुसऱ्याला नेमणुकीवरचा. दोघांचा उपयोग वेगळा. नुसतं लवचिक करायचं असेल तर पहिला पुरतो. ठरलेल्या बिंदूवर, ठरलेल्या बाजूला वळवायचं असेल तर दुसराच हवा.

'ठरलेल्या बाजूला' यावर जरा थांबते, कारण पाठ्यपुस्तकात कोन दिलेला असतो आणि दिशा कुणी सांगत नाही. डीएनए पिळाचा आहे, साडेदहा बेस जोड्यांना एक पूर्ण फेरा. मधे ५ बेस जोड्या घातल्या की पुढचं सगळं अर्ध्या फेऱ्याने फिरून पलीकडच्या तोंडाला जातं. अंतर वाढलं पावणेदोनच नॅनोमीटर, पण तोंड उलटं. एल्बो उलटा बसला की पाणी शेजाऱ्याच्या बांधाला जातं, तसं. १९८४ साली रॉबर्ट श्लाइफ यांच्या प्रयोगशाळेने अरॅबिनोज या साखरेच्या जनुकांत, प्रथिनाच्या दोन जागांच्या मधे, हेच केलं. ५ बेस जोड्या घातल्या, दडपण सुटलं, म्हणजे जनुक बंद राहिना. ११ घातल्या, पुन्हा दडपलं. जास्त अंतर चाललं, कमी चाललं नाही, यावरून कळतं की प्रश्न अंतराचा नव्हता, बाजूचा होता. तिथे साधा वळसा होता. पण जिथे वाकवणारं प्रथिन मधे बसतं तिथेही हाच नियम लागतो.

आपल्या पेशींतलं उदाहरण हवंच असेल तर रोगप्रतिकार करणाऱ्या टी-पेशींच्या रिसेप्टरच्या अल्फा जनुकाचा एन्हान्सर घे. तिथे एलईएफ-१ नावाचं प्रथिन मधोमध बसतं आणि १०० अंशांहून जास्त वाकवतं. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी प्रथिनं बसतात आणि वाकल्यामुळे एकमेकांना भेटतात. एलईएफ-१ एकटं ठेवलं तर जनुक चालू करत नाही. १९९२ साली रुडॉल्फ ग्रॉसशेडल यांच्या गटाने हे मांडलं. त्यानंतर 'स्थापत्य' प्रथिनं हा शब्द सगळीकडे रुळला, तुमच्या अभ्यासक्रमात दोन ओळीत उरकलेला तोच. एसआरवाय, म्हणजे वाय गुणसूत्रावरचं १९९० मध्ये सापडलेलं लिंग ठरवणारं जनुक, त्याच घराण्यातलं. एक्सवाय गुणसूत्रं असूनही शरीर स्त्रीचं वाढलं अशा काही व्यक्तींत या प्रथिनात एकाच अमिनो आम्लाचा बदल सापडला. त्यांतल्या एखाद्या बदलात प्रथिन डीएनएवर जवळजवळ नेहमीसारखंच बसतं, पण वाकवतं कमी.

क्रिस्परचं, म्हणजे जिवाणूंच्या विषाणू लक्षात ठेवणाऱ्या यंत्रणेचं, नाव तुम्हाला सगळ्यांना पाठ असतं, पण ई. कोलाय नवीन विषाणूची 'नोंद' आपल्या रांगेत कशी घालतो हे कुणी विचारत नाही. कॅस-१ आणि कॅस-२ ही प्रथिनं विषाणूच्या डीएनएचा तुकडा तिथे घालतात, आणि तो नेमका रांगेच्या पहिल्या जागीच जावा यासाठी आयएचएफ अलीकडचा डीएनए वळवून देतो. २०१६ साली डाउडना यांच्या गटाने हे दाखवलं. म्हणजे १९७० च्या दशकात लॅम्डासाठी शोधलेलं प्रथिन चाळीस वर्षांनी भलत्याच दारात उभं सापडलं. आणि मघाचे गुडमन पुढे बायोफिल्मकडे, म्हणजे जिवाणूंच्या चिकट थराकडे, वळले. तिथे पेशीबाहेरच्या डीएनएच्या जाळ्यात आयएचएफ आणि एचयूच सांधे धरून असतात. त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं सोडली तर बायोफिल्म कोसळते.

एक सावधगिरीही सांगून ठेवते, नाहीतर तू सगळीकडे एल्बोच शोधशील. इंटरफेरॉन-बीटा या विषाणूविरोधी प्रथिनाच्या जनुकाच्या एन्हान्सरवर आठएक प्रथिनं दाटीवाटीने बसतात, आणि एचएमजीए-१ हे आणखी एक प्रथिन त्यांना तिथे जमायला मदत करतं. पूर्वी आम्ही हे 'वाकवणाऱ्या प्रथिनाचं' उदाहरण म्हणून धडाधड शिकवायचो. पण १९९५ च्या कामात दिसलं की तिथला डीएनए मुळातच वाकडा आहे आणि एचएमजीए-१ तो वाकडेपणा काढून टाकायला हातभार लावतं. २००७ साली पॅन, मॅनिएटिस आणि हॅरिसन यांनी अख्ख्या संकुलाची रचना जोडून दाखवली. त्यात डीएनए बऱ्यापैकी सरळ आहे आणि एचएमजीए-१ ला बसायला जागाच उरलेली नाही. म्हणजे ते बांधकामाच्या परातीसारखं असावं, स्लॅब पडला की काढून घेतलं. ही माझी उपमा, पण त्यांचाही रोख तिकडेच आहे. मीही पाचसहा वर्षं चुकीची आकृती फळ्यावर काढत होते, हे कबूल करते.

आता तुझा जेल.

सरांचं उत्तर तुझ्याच जेलमध्ये आहे. या प्रयोगात काय करतो? प्रथिनाची जागा असलेला डीएनए असा बांधलेला असतो की वेगवेगळ्या एन्झाइमांनी कापला तर दर वेळी तुकडा तेवढ्याच लांबीचा मिळतो, फक्त जागा कधी मधे येते, कधी कडेला. तुझ्या जेलच्या प्रत्येक पट्टीत (लेनमध्ये) डीएनए तेवढाच, प्रथिन तेच आणि तेवढंच. वजन सगळीकडे सारखं. तरी जागा मधे असलेलं संकुल, म्हणजे प्रथिन बसलेला डीएनए, सर्वांत मागे राहतं आणि कडेचं पुढे जातं. वजनाने सगळेच सारखे मागे राहिले असते. बदलली ती फक्त जागा. साडेनऊ सेंटीमीटरच्या ऐवजी हातभर लॅटरल घे. ती मधोमध वाकवली तर दारातून आत नेताना अडते, टोकाला वाकवली तर जाते. जेलच्या जाळीत तेच होतं. वू आणि क्रॉदर्स यांनी १९८४ मध्ये हीच युक्ती वापरून ट्रिपॅनोसोम या परजीवीच्या जातभाईंमधला आपसूक वाकलेला डीएनए आणि सीएपीचं वाकवणं, दोन्ही दाखवलं. सरांना एवढंच सांग: "सर, वजन सहाही पट्ट्यांत सारखं आहे." पुढचं तेच बोलतील.

राहिला ७८ विरुद्ध ९०. तू मधल्या संकुलाचं अंतर भागिले कडेच्या संकुलाचं अंतर काढलंस, ०.७७ च्या पुढे काहीतरी आलं, त्याचा कोसाइन उलटा करून दुप्पट केली. ते सूत्र मोजमापांवर बसवलेलं आहे, तत्त्वातून काढलेलं नाही. त्यात जेलची टक्केवारी येते, तुकड्याची लांबी येते, तापमान येतं. शिवाय तुझी 'कडेची' जागा खरोखर टोकाला नाही, दोन्ही बाजूंना थोडा डीएनए उरतोच. त्यामुळे कडेचं संकुलही जरा मागे राहतं, गुणोत्तर १ कडे सरकतं आणि कोन कमी भरतो. ९० हा आकडा स्फटिकातला आहे. ७८ आणि ९० मधला फरक म्हणजे चूक नव्हे. पण ७८.३ असं मात्र लिहू नकोस. 'सुमारे ८०' लिही. दशांशाने खरेपणा वाढत नसतो, परीक्षक फक्त चिडतो.

तुझ्या फोटोत मला एक गोष्ट खटकली. मोकळ्या डीएनएच्या आणि संकुलाच्या मधे धूसर शेपटी आहे. म्हणजे जेल चालू असताना प्रथिन सुटतंय. सीएपीला डीएनएवर बसून राहायला सायक्लिक एएमपी हा छोटा रेणू लागतो. तू ते बांधणीच्या मिश्रणात घातलंस. जेलमध्ये आणि टाकीच्या बफरमध्ये घातलंस का? नमुना जेलमध्ये शिरला की तुझं मिश्रणातलं सायक्लिक एएमपी मागे राहतं. जेल ओततानाच २० मायक्रोमोलर घाल, आणि दोन्ही टाक्यांतही तेवढंच.

दुसरं कारण ऊन. ही काळजी पुस्तकात येत नाही, कारण पुस्तकं थंड देशांत लिहितात. इथे कॉलेजला लागले तेव्हा आमच्याकडे शीतखोली नव्हती. एप्रिलमध्ये भर दुपारी जेल लावला, खोलीत चाळीसच्या वर पारा. बँड पाहिला तर ओल्या भिंतीवर फासलेल्या चुन्यासारखा. मी प्रथिनाला दोष दिला, मग डीएनएला, मग पोराला, ज्याने बफर केलं होतं त्याला. खरं कारण काच हाताला चटका देत होती हे होतं. मग आम्ही संध्याकाळी सातनंतर जेल लावायला लागलो. कोपऱ्यावरच्या गोळेवाल्याकडून बर्फाची लादी आणायची, गोणपाटात गुंडाळून फोडायची, पत्र्याच्या ट्रेमध्ये जेलची टाकी बर्फात बसवायची, आणि व्होल्टेज निम्म्यावर. साडेनऊला लाइट गेली की रात्र वाया. पण जे जेल मिळाले ते आजही माझ्याकडे आहेत. गोळेवाला दर वेळी विचारायचा, मॅडम, लग्न आहे का घरी?

आपसूक वाकलेल्या डीएनएलाही तापमान लागतं, जेल जसजसा गरम होत जातो तसा त्याचा मागे राहण्याचा गुण कमी होतो. तेव्हा तुझा ७८ गरम जेलचाही असू शकतो. तापमान वहीत लिहिलंयस का? नसेल तर पुढच्या वेळी काचेला थर्मामीटर चिकटव.

आणखी एक सापळा सांगते. मधे मागे, कडेला पुढे, एवढं दिसलं म्हणजे वाकलंच असं म्हणता येत नाही. प्रथिनाने डीएनए ढिला केला किंवा प्रथिनाचा आकारच लांबुडका असला तरी असं दिसू शकतं. फॉस आणि जून या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनांच्या जोडीबद्दल १९९० च्या दशकात यावरूनच मोठा वाद झाला. जेलवरून एका गटाने मोठे कोन काढले. स्फटिकात डीएनए जवळजवळ सरळ निघाला. म्हणून फेजिंगचा प्रयोग करतात. माहीत असलेला एक वाकडा तुकडा घ्यायचा, त्याच्यापासून आपली जागा १०, १२, १४ बेस जोड्या, अशी एका फेऱ्याभर सरकवत न्यायची. खरोखर ठरलेल्या दिशेने वाक असेल तर दोन वाक कधी एकमेकांत मिळतात आणि बँड मागे राहतो, कधी एकमेकांना खातात आणि बँड पुढे जातो, साडेदहाच्या तालावर. नुसता ढिलेपणा असेल तर ताल दिसत नाही. सीएपीच्या बाबतीत हे सगळं कधीच होऊन गेलंय, त्याची स्फटिक-रचना १९९१ पासून आहे, त्यामुळे तुला नव्याने करायची गरज नाही. पण विचारलं तर 'पुढचं पाऊल काय' याचं उत्तर फेजिंग हे आहे.

तुझ्याकडे आठवडा आहे म्हणालीस. नवीन काही सुरू करू नकोस. तेच सहा तुकडे, तेच प्रथिन, जेलमध्ये आणि बफरमध्ये सायक्लिक एएमपी, आठ टक्क्यांचा जेल, संध्याकाळी. अॅक्रिलामाइड हाताळताना दोन हातमोजे घाल, न गोठलेलं अॅक्रिलामाइड नसांना वाईट. एक पट्टी प्रथिनाशिवायची, एक सायक्लिक एएमपीशिवायची. ती दुसरी विसरू नकोस: प्रथिन आहे, पण सायक्लिक एएमपीशिवाय ते डीएनएवर बसत नाही, म्हणून तिथे संकुलाचा बँडच दिसणार नाही. सरांना ती पट्टी आधी दाखव.

बर्फासाठी होटगी रोडला जाऊ नकोस, उन्हात परत पोचेपर्यंत निम्मा वितळतो. कॉलेजजवळच्या रसवंतीवाल्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेव.